गरिबाघरची तांबडी वाइन

तांबड्या वाइनचें नांव काढतांच आपल्या सुशिक्षित घरांत दोन प्रकारच्या मुद्रा दिसूं लागतात. एक भीतीची, कारण मद्य म्हणजे मद्य, मग तें द्राक्षाचें असो कीं मोहाचें. दुसरी संकोचाची, कारण ही वस्तु श्रीमंतांची, तिची पारख करणें हें आपलें काम नव्हे, अशी समजूत. पहिल्या मुद्रेला चांगला आधार आहे आणि तिच्याविषयीं मी शेवटीं बोलणार आहें. दुसरीला मात्र इतिहासाचा आधार मुळींच नाहीं. ज्या ज्या देशांत द्राक्षें पिकतात तेथें तेथें तांबडी वाइन ही शेतकऱ्याच्या, हमालाच्या आणि शिपायाच्या भाकरीबरोबरची वस्तु होती. ती श्रीमंतांची झाली ती दोन कारणांनीं: एक अंतर आणि दुसरें कर. या दोन कारणांचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आमचा भंडारा जिल्हा भाताचा, तलावांचा आणि पितळी भांड्यांचा. येथें द्राक्षाचे मळे नाहींत. आमचें झाड मोहाचें. परंतु ज्याच्या परसांत वेल नाहीं, त्याला वेलीचा अभिमानहि नसतो. आणि इतिहास पाहतांना ही सोय लहानसहान नव्हे.

द्राक्षाचें मद्य करण्याची विद्या फार जुनी. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस जॉर्जिया देशांत उत्खननांत मातीच्या कुंभांचे जे तुकडे मिळाले, त्यांवर द्राक्षमद्याच्या खुणा आढळल्या. त्यांचा काल इसवी सनापूर्वीं सुमारें ६००० वर्षें असा ठरला असून हें संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. कृतीहि साधी. काळीं द्राक्षें तुडवावीं, रस सालींसकट ठेवावा. सालीवरचे आणि हवेंतले सूक्ष्म जंतु साखर खातात आणि तिचें मद्य करतात. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा पांढुरकाच असतो. तांबडा रंग येतो तो सालींतून आणि तुरटपणाहि येतो तो सालींतून व बियांतून. पांढऱ्या आणि तांबड्या वाइनमधला मुख्य भेद काय तो इतकाच.

रोमच्या राज्यांत या वस्तूच्या प्रती कशा होत्या तें पाहण्यासारखें आहे. केटो नांवाच्या रोमन गृहस्थानें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत शेतीवर ग्रंथ लिहिला. हंगामानंतर कांहीं महिने गुलामांस कोणतें पेय द्यावें, तें त्यांत सांगितलें आहे. चोथा पाण्यांत भिजवून, पुन्हा पिळून काढलेलें तें पाणचट मद्य. त्याचें नांव लोरा. शिपाई आंबलेल्या मद्यांत पाणी घालून पीत, त्यास पोस्का म्हणत. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत एका मद्यगृहाच्या भिंतीवर दरपत्रकच सांपडलें आहे. एक अस हें तांब्याचें नाणें दिलें तर साधी वाइन, दोन दिले तर अधिक चांगली आणि चार दिले तर फालेर्नो प्रांताची नांवाजलेली. म्हणजे उत्तम आणि साध्या वाइनच्या भावांत अंतर चौपटीचें होतें. आजच्या दुकानांत तें शेकडो पटींचें असतें. रोमन हमालास आपल्या देशांतील उत्तम वाइन निदान सणासुदीला परवडत असावी, असें या भिंतीवरून वाटतें.

आतां तीच वस्तु समुद्र ओलांडून आपल्याकडे आली म्हणजे काय होतें? द्राक्षमद्य भारतीयांना अपरिचित नव्हतें. पाणिनीच्या व्याकरणांत कापिशी या नगरीच्या नांवावरून ‘कापिशायन’ हा शब्द साधलेला आहे. ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत, बेग्रामच्या परिसरांत होती. कौटिल्यानेंहि द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून कापिशायन हा त्याचा एक प्रकार सांगितला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या किनाऱ्याचें वर्णन लिहून ठेवलें. भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत तो मद्याचा उल्लेख करतो आणि इटलीच्या मद्यास तेथें अधिक पसंती होती असें सांगतो. त्याच बंदरापासून पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या बाजारपेठा किती दिवसांच्या वाटेवर आहेत, हेंहि त्यानें दिलें आहे. नेवासें आणि घारापुरी येथें परदेशी दुकानी कुंभांचे तुकडे मिळाले, ते याच व्यापाराची साक्ष देतात. पुढील संशोधनानें अशा तुकड्यांपैकीं कांहीं इराणी आखाताकडील कुंभांचे ठरले, आणि प्रत्येक कुंभांत मद्यच होतें असेंहि नाहीं. तेल आणि माशांचा रसहि त्यांतून येत असे. तरीपण एवढें खास कीं, इटलींतील हमाल ज्या वस्तूला तांब्याचें नाणें मोजी, ती गलबतांतून आणि मग बैलांच्या तांड्यांतून दख्खनच्या पठारावर चढेपर्यंत धनिकांच्याच पंक्तीला बसण्याजोगी होई. वस्तु तीच, तिची जात बदलली ती वाटेनें.

हें अंतर मोडलें कीं भावहि मोडतो, याचा दाखला फ्रान्सच्या इतिहासांत मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीनें पॅरिस शहर दक्षिण समुद्राच्या किनाऱ्याशीं जोडलें, आणि लांगडॉक प्रांताची स्वस्त तांबडी वाइन राजधानींतील कारागिराच्या जेवणाच्या मेजावर येऊन पोहोंचली. पाश्चर या शास्त्रज्ञानें १८६६ सालीं वाइनच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि ती बेतानें तापवून टिकवितां येते हें दाखविलें. दूध तापविण्याच्या ज्या रीतीला त्याचें नांव मिळालें, तिचा उगम येथें आहे.

पण याच सुमारास एक कीड अमेरिकेंतून आली आणि १८६३ पासून फ्रान्सच्या वेलींचीं मुळें खाऊं लागली. अखेर अमेरिकन मुळांवर फ्रेंच कलमें बांधून वेली वाचविण्यांत आल्या. परंतु मधल्या टंचाईंत बेदाणे भिजवून आणि साखर घालून केलेली बनावट वाइन बाजारांत बोकाळली. खरा माल पुन्हा पिकूं लागला तेव्हां त्यास भाव मिळेना. १९०७ सालीं लांगडॉकचा शेतकरी उठला. मार्सेलें आल्बेर नांवाचा एक साधा द्राक्षबागाईतदार त्यांचा पुढारी झाला. मोंपेल्ये येथील सभेला लाखो लोक जमले. नार्बोन येथें लष्करानें गोळ्या झाडल्या आणि माणसें मेलीं. त्याच वर्षीं भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि १९३५ मध्यें प्रांताच्या नांवाला संरक्षण देणारी व्यवस्था आली. श्रोतेहो, आपण ज्याला उंची शिष्टाचार समजतों, त्या बाटलीवरील चिठ्ठीच्या मागें स्वस्त पण खऱ्या मालासाठीं सांडलेलें रक्त आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

युरोपाबाहेर हीच कथा नव्या जमिनींत वाढली. चिली देशांत सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर वेल गेली. दक्षिण आफ्रिकेंत केप वसाहतीच्या अधिकाऱ्यानें पहिला रस काढल्याची नोंद फेब्रुवारी १६५९ मध्यें केली. तेथेंच १९२५ सालीं पेरोल्ड नांवाच्या प्राध्यापकानें दोन जातींच्या संकरानें पिनोटाज ही नवी जात तयार केली. ऑस्ट्रेलियांत १८३२ मध्यें जेम्स बस्बी यानें युरोपांतून शेंकडो कलमें आणलीं. अर्जेंटिनांत १८५३ च्या सुमारास माल्बेक ही जात गेली आणि मूळ देशापेक्षां तेथेंच अधिक रमली. चिलींत तर १९९४ सालीं एक मौज झाली. ज्या वेलींना लोक मर्लो समजत होते, त्यांतील कित्येक फ्रान्समधून जवळजवळ नामशेष झालेल्या कार्मेनेर जातीच्या निघाल्या. आज जगांत साध्या कुटुंबाला परवडणारी तांबडी वाइन मुख्यतः या देशांतून आणि स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स यांतून येते. आपल्याकडे मात्र परदेशी वाइनवर दीर्घकाळ दीडशें टक्के जकात होती. २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियाशीं झालेल्या करारानें निदान ५ डॉलर किंमतीच्या बाटलीवर ती शंभर टक्क्यांवर आली आणि पुढें उतरत जावयाची ठरली. म्हणजे बैलांच्या तांड्याची जागा आतां जकातीनें घेतली आहे.

अशी वाइन पारखावी कशी, तेंहि थोडक्यांत सांगतों. कारण पारख ही पैशाची बाब नसून लक्षाची बाब आहे. पेला तिसरा हिस्सा भरावा आणि पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरावा. जांभळट झांक असेल तर वाइन तरुण. विटकरी असेल तर वयस्क. मग वास घ्यावा. नंतर लहान घोट तोंडांत घोळवावा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें. आंबटपणानें लाळ सुटते. तुरटपणानें, जांभूळ किंवा आवळा खाल्ल्याप्रमाणें, हिरड्या आवळतात. आणि मद्यार्कानें घशांत ऊब वाटते. या तिहींपैकीं एकहि दुसऱ्यावर कुरघोडी करीत नसेल तर वाइन चांगली, मग तिची किंमत कांहीं असो. ‘तांबडी वाइन खोलीच्या तपमानांत प्यावी’ हा नियम युरोपांतील थंड घरांचा. तेथें खोली म्हणजे सोळा ते अठरा अंश. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. तेथें बाटली अर्धा तास शीतपेटींत ठेवणें हेंच शास्त्रशुद्ध. झणझणीत सावजी रश्श्याबरोबर अति तुरट वाइन जिभेला अधिकच पोळते; तेथें सौम्य जातीच बऱ्या. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत आंबूं लागते, म्हणून ती दाखविण्यासाठीं जपून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं आधुनिक पद्धतीचा कारखाना उभा केला. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, उत्पादन शुल्कांत सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें आंखलीं. आपला हंगामहि न्यारा. युरोपांत द्राक्षें शरद ऋतूंत तोडतात. आपल्याकडे पावसाळा संपतांना छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. पुढें जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. त्यावर राज्यभर वादळ उठलें आणि तो अमलांत आला नाहीं.

या वादांत ‘शेतकऱ्याचें हित’ हा शब्द वारंवार ऐकूं आला. तेव्हां आमच्या जिल्ह्यांतील माणसाला एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. मोहाच्या फुलाचें काय? चैत्राच्या पहांटे झाडाखालीं पांढरट फुलांचा सडा पडतो. बायका-मुलें टोपल्या भरून तीं वेंचतात व उन्हांत वाळवितात. वाळल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखर असते. तीं माणसें खातात, गुरांना देतात आणि त्यांचीच दारूहि गाळतात. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर दारू गाळण्याच्या हक्काचा सरकारी मक्ता झाला. पुढें गांवोगांवच्या भट्ट्या गेल्या आणि मोठ्या कारखान्यांचा माल आला. तिकडे मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं खुद्द मोहफुलांवरच कायदा झाला. स्वतःच्या झाडाखालचें फूल घरांत किती ठेवावें, हेंहि सरकार सांगूं लागलें. महाराष्ट्रांत या फुलांच्या सांठवणीवरचे व वाहतुकीवरचे निर्बंध सैल झाले ते २०२१ मध्यें.

मोहाची दारू ही वाइनची बरोबरी करते असें मी म्हणत नाहीं. ती भट्टींतून गाळलेली, म्हणून कितीतरी तीव्र. वाइनमध्यें मद्यार्क साधारण बारा ते चौदा टक्के. शिवाय आरंभीं ज्या भीतीच्या मुद्रेविषयीं बोललों, ती येथें आठवली पाहिजे. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती दारूनें उजाड झालेल्या घरांतील बायकांच्या चळवळीच्या बळावर आली; आणि मद्याची कोणतीहि मात्रा निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. हा इशारा महागड्या बाटलीलाहि तितकाच लागू आहे. द्राक्षाला पेला आणि मोहाला पोलीस, असा भेद आरोग्यशास्त्र करीत नाहीं. तो भेद बाजार करतो.

म्हणून माझें सांगणें इतकेंच कीं, ज्यांना प्यावयाची नाहीं त्यांनीं संकोचाशिवाय नाहीं म्हणावें. ज्यांना चाखावयाची आहे त्यांनीं थोडी चाखावी, साधी चाखावी आणि किंमतीच्या चिठ्ठीपेक्षां जिभेवर अधिक विश्वास ठेवावा. आणि दोघांनींहि नाशिकच्या वेलीसाठीं जो न्याय मागितला जातो, तो वैनगंगेच्या कांठच्या मोहालाहि लावून पाहावा. ज्या वस्तूचें मोल एका गांवीं तांब्याचें नाणें आणि दुसऱ्या गांवीं राजाचा खजिना असतें, तिच्या मोलांत वस्तूचा भाग थोडा आणि माणसांच्या कायद्यांचा भागच फार, हें या तांबड्या पेल्यानें आपणांस शिकवावें.