बोलण्याचा इलाज

मनोविश्लेषणाचा जनक म्हणून आपण फ्रॉइडचं नाव घेतो. पण या उपचाराचं बारसं केलं ते एका रुग्ण मुलीनं, आणि तेही परक्या भाषेत.

व्हिएन्नाची बर्था पापेनहाइम. १८८० साली वडिलांनी अंथरूण धरलं आणि २१ वर्षांची बर्था रात्र रात्र त्यांच्या उशाशी जागू लागली. होता होता तीच आजारी पडली. उजवा हात लुळा पडला. शब्द आठवेनात, मग व्याकरण गेलं, शेवटी दोन आठवडे वाचाच बसली. डॉक्टर योझेफ ब्रॉयरनं ओळखलं, हिच्या मनाला काहीतरी फार लागलंय आणि ते बोलायचंच नाही असं हिनं ठरवलंय. त्यानं तिला ते बोलायला लावलं. वाचा परतली, पण इंग्रजीत! जर्मन कळायचं, तोंडून मात्र येईना. शुश्रूषेच्या बाईशी ती इंग्रजीतच हुज्जत घालायची, आणि त्या बिचारीला एक अक्षर कळायचं नाही.

नंतरच्या एका कडक उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. तहानेनं जीव कासावीस व्हायचा, ती पेला उचलायची आणि ओठाला लागताच दूर लोटायची. सहा आठवडे तिनं फळांवर काढले. एकदा ब्रॉयरसमोर संमोहनात ती सांगू लागली: घरी राहणाऱ्या, नावडत्या इंग्रज बाईचं कुत्रं पेल्यातून पाणी पिताना दिसलं होतं, शिष्टाचार म्हणून ती काही बोलली नव्हती. साठलेला संताप ओकून झाल्यावर तिनं पाणी मागितलं, भरपूर प्यायली, आणि जागी झाली तेव्हा पेला ओठालाच होता.

आपण राग गिळला म्हणतो. बर्थानं किळस गिळली होती, म्हणून पाणी गिळवेना. नेणिवेची घडण भाषेसारखी असते, हे मनोविश्लेषक झाक लाकाँनं पुढे विसाव्या शतकात मांडलं. मला ते या पेल्यापाशीच पटतं.

ब्रॉयरपाशी मनातलं असं बोलून टाकण्याला बर्थानं ‘टॉकिंग क्युअर’ म्हटलं, थट्टेत ‘चिमणी स्वीपिंग’, म्हणजे धुराड्याची काजळी झाडणं. पण ऐकणारा ब्रॉयरच लागे. त्याचे हात चाचपून, तोच आहे याची खात्री पटल्यावरच ती बोलू लागे. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइडच्या पुस्तकात ती ‘आना ओ.’ या नावानं आली.

तिथं ती बरी झालेली दिसते. प्रत्यक्षात १८८२ साली तिला स्वित्झर्लंडच्या क्रॉइत्सलिंगेनमध्ये दवाखान्यात राहावं लागलं. नंतर मात्र ती उभी राहिली, ज्यू स्त्रियांची संघटना बांधली. आणि १८९९ साली मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक तिनं इंग्रजीतून आपल्या जर्मनमध्ये आणलं.