जेजुरी, मोरगाव, मयूरेश्वर अभयारण्य आणि भुलेश्वर : पुण्याहून एका दिवसाची सहल कशी आखावी?

पुण्याच्या आग्नेयेला कऱ्हा नदीचे खोरे आहे. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या बाजूला उगम पावणारी ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव या भागांतून वाहत पुढे नीरेला मिळते. नदी लहान आहे आणि वर्षातला बराच काळ तिच्यात फारसे पाणी नसते. तिच्या आसपास मात्र खंडोबाची जेजुरी, अष्टविनायकांतला पहिला गणपती, चिंकाऱ्यांचे अभयारण्य आणि भुलेश्वरचे यादवकालीन शिवमंदिर अशी चार ठिकाणे आहेत. घरची गाडी असेल तर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या फेऱ्यात ती बसतात, म्हणूनच अनेक कुटुंबे एका रविवारी चारही उरकायचा बेत करतात.

अंतर फार नसले तरी वेळांचे गणित जुळत नाही. जेजुरीचा गड ऊन चढण्याआधी चढायला हवा. चिंकारे दिसतात ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दोन्ही ठिकाणी सकाळी सातला पोहोचता येत नाही. त्यामुळे सहलीचा क्रम ठरवताना गाडीत कोण बसणार आहे, हे आधी पाहावे लागते.

ज्येष्ठ सोबत असतील तर : आधी जेजुरी

पहाटे सहाच्या सुमारास निघून हडपसर, दिवेघाट, सासवड या मार्गाने साधारण पन्नास किलोमीटरवर जेजुरी येते. गडाच्या पायऱ्या दगडी आहेत आणि वाटेत कमानी व दीपमाळा लागतात. तरुणांना हा चढ अवघड नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना मात्र दर काही पायऱ्यांवर टेकावे लागते. त्यात देवळाच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत. मार्चपासून पुढे दुपारी बारा वाजता तिथल्या फरशीवर अनवाणी चालणे म्हणजे तव्यावर चालणे. आठ-साडेआठपर्यंत चढायला सुरुवात केली तर हा त्रास टळतो. कडेपठारचे स्थान जुने आणि आणखी उंचावर आहे. एका दिवसाच्या सहलीत तो बेत न धरलेलाच बरा.

महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांचे खंडोबा हे कुलदैवत आहे, त्यामुळे लग्नानंतर जोडीने जेजुरीला येण्याची रीत आहे. नवरदेवाने नवरीला उचलून काही पायऱ्या चढायच्या असतात आणि तो प्रसंग पाहायला आजूबाजूची मंडळी हौसेने थांबतात. गडावर भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळला जातो. भंडाऱ्याचा डाग लागलेल्या कपड्यावर घाईघाईने साबण लावला की तो लाल होतो आणि घरात घबराट उडते. साबणातल्या क्षाराशी हळदीची अशीच क्रिया होते. कपडा धुऊन कडक उन्हात वाळवला की डाग बराच फिका पडतो. तरी गडावर नवी पांढरी साडी नेसून न गेलेलेच चांगले.

जेजुरीहून मोरगाव सतरा-अठरा किलोमीटर. दर्शन झाल्यावर तिथेच जेवण आणि विश्रांती घ्यावी. चारच्या सुमारास अभयारण्य गाठावे आणि अंधार पडण्याआधी चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागावे. या क्रमात भुलेश्वर सोडावे लागते. ते खुशाल सोडावे, कारण चौथे ठिकाण कोंबले की बाकीची तीनही धावपळीत जातात.

मोरगाव

अष्टविनायकांच्या यात्रेत मोरगावचा मयूरेश्वर पहिला. शास्त्रोक्त यात्रा इथून सुरू होते आणि इथेच येऊन संपते. मोरावर बसून गणपतीने सिंधू दैत्याचा वध केला, या कथेवरून देवाचे आणि गावाचे नाव पडले. देवळाच्या तटाला चार कोपऱ्यांत मनोरे आहेत, त्यामुळे लांबून ही वास्तू मशिदीसारखी भासते. गणपतीसमोर उंदराबरोबर नंदीही आहे आणि मुले हमखास त्याचे कारण विचारतात. शिवमंदिराकडे नंदी नेणारा गाडा इथे मोडला आणि नंदी पुढे हलेना, अशी आख्यायिका सांगतात. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या उपासनेमुळे या क्षेत्राची ख्याती वाढली.

मयूरेश्वर अभयारण्य : रिकामे दिसणारे रान

नावामुळे इथे एक घोळ होतो. मयूरेश्वर मंदिर मोरगावात आहे आणि मयूरेश्वर अभयारण्य त्याच्या पुढे सुप्याजवळ. नकाशा लावताना सुपे हे गाव लक्षात ठेवावे.

राज्यातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी हे एक. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर असून १९९७मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जंगल म्हणून दाट झाडी शोधत आलेल्यांची इथे निराशा होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश आहे. पाऊस कमी, माती उथळ, त्यामुळे इथे गवत, बोरी-बाभळी आणि खैर असेच रान टिकते. ते वाळले की माळ उजाड वाटतो, पण चिंकाऱ्याला असाच माळ लागतो. हे हरीण लहान चणीचे, तांबूस रंगाचे असते आणि कमी पाण्यावर भागवते. त्याचा रंग वाळक्या गवताशी इतका मिसळतो की पन्नास पावलांवर उभे असलेले जनावर ते कान हलवेपर्यंत दिसत नाही. लांडगा आणि खोकड यांचाही हा प्रदेश, पण त्यांचे दर्शन नशिबाचा भाग.

अशा माळांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही 'पडीक जमीन' म्हणण्याची सवय जुनी आहे. पडीक म्हटले की तिथे झाडे लावावीत, प्लॉट पाडावेत किंवा निदान गाडी फिरवून पाहावी, असे वाटू लागते. माळावर दाट झाडे लावली तर गवत जाते आणि गवतावर जगणारे प्राणी-पक्षी हटतात. गाडीचा धोका तर थेट आहे. धाविक आणि चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच, उघड्यावर अंडी घालतात. ती खड्यांसारखी दिसतात, त्यामुळे रस्ता सोडून दहा फूट आत गेलेल्या चाकाखाली घरटे आले तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. 'फोटोपुरती' गाडी गवतात घालण्याचा मोह इथे टाळावाच लागतो.

प्रवेशद्वारावर शुल्क भरून आत जाता येते. गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवावी, काच खाली करून वेग अगदी कमी करावा, गाणी बंद करावीत. चिंकारे दिसले की इंजिन बंद करून आतच बसावे. चालत्या किंवा थांबलेल्या गाडीला ते फारसे बिचकत नाहीत, पण दार उघडून माणूस उतरला की पळतात. दुर्बीण असेल तर मुलांचा वेळ चांगला जातो.

तरुण मंडळी असतील तर : उलटा फेरा

हिवाळ्यात, चढण्याची चिंता नसेल तेव्हा, पहाटे पाचला सोलापूर रस्त्याने निघावे. यवत, चौफुला, सुपे करत उजाडल्यावर लवकर अभयारण्य गाठता येते. तिथून मोरगाव आणि मग जेजुरी. थंडीतली दुपार गडावर सोसवते. परतताना सासवड–यवत रस्त्याने माळशिरस गावाजवळचे भुलेश्वर साधते.

भुलेश्वर बाहेरून फसवते. घुमट आणि मनोऱ्यांची वास्तू दिसते, पण काळ्या पाषाणातले यादवकालीन कोरीव काम आतल्या अंधाऱ्या प्रदक्षिणा मार्गावर आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग, सुरसुंदरी आणि गणेशाचे स्त्रीरूप तिथे पाहायला मिळते. अनेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. टॉर्च अवश्य न्यावा. तो समोरून न मारता बाजूने धरला की कोरीव रेषा उठून दिसतात. भोवतीचा दौलतमंगळ किल्ला सतराव्या शतकात आदिलशाहीतला सरदार मुरार जगदेव याने बांधला. आता त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत.

कोणता दिवस टाळावा?

रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे जेजुरीत गर्दी असते. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीला तर गाडी गावाबाहेरच ठेवावी लागते. मोरगावसाठी अंगारकी तसेच भाद्रपद व माघातली चतुर्थी वर्ज्य. शनिवार सगळ्यांत सोयीचा. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाट–सासवड–जेजुरी मार्गाने आणि तुकाराम महाराजांची लोणी काळभोर–यवत मार्गाने जाते. म्हणजे या सहलीचे दोन्ही रस्ते एकाच वेळी वारकऱ्यांनी भरलेले असतात. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते.

सासवडच्या आसपास हंगामात रस्त्याकडेला अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या असतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. पिकलेले अंजीर फार नाजूक असते. ते डिकीत सामानाखाली न ठेवता मांडीवर घेऊन घरी न्यावे.