पांगुळगाडा : उशिरा चालणाऱ्या मुलांचा सातारा-सांगलीतला इतिहास

आजचा विषय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. लढाया सापडतात, सनदा सापडतात, साऱ्याचे आकडे सापडतात. पण एखाद्या घरात दोन वर्षांचं पोर अजून उभं राहत नव्हतं, तेव्हा घरातल्यांनी काय केलं, हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नसतं. म्हणून हा इतिहास आम्हाला आडवाटेनं गोळा करावा लागतो. थोडा शब्दांतून, थोडा लाकडाच्या वस्तूंतून, थोडा वैद्यकाच्या ग्रंथांतून आणि बराचसा शाळांमधून.

प्रदेशाचं आधी सांगून टाकतो. सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे आहेत, पण १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या संस्थानांचा बराचसा मुलूख याच दोन जिल्ह्यांत विरघळला. तेव्हा आम्ही दोन्हींबद्दल एकत्रच बोलणार आहोत.

आता बघा, मूल ‘उशिरा’ चाललं असं म्हणायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, त्याचं वय ठाऊक पाहिजे. दोन, इतर मुलं केव्हा चालतात हे ठाऊक पाहिजे. दुसरी गोष्ट घरातल्या बायकांना नेहमीच ठाऊक होती. मान धरली, पालथं पडलं, बसतं झालं, रांगायला लागलं, धरून उभं राहिलं, पाऊल टाकलं. हा क्रम मराठी घराला कुणी शिकवावा लागला नाही. संक्रांतीनंतरचं बोरन्हाण घ्या. मूल पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतायचे. आमच्या मते गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर होणारी ती एक तपासणीच होती. जे मूल बसायलाच तयार नाही, त्याच्याकडे सगळ्यांची नजर जाणारच.

वयाचं मात्र अवघड होतं. जन्ममृत्यूच्या नोंदणीची सक्ती देशभर एकाच कायद्याखाली आली ती १९६९ साली. खेड्यात वय सांगायचं ते घटनेवरून. प्लेगच्या सालचा, भूकंपाच्या वेळी तान्हा होता, बहात्तरच्या दुष्काळात जन्मली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्या पहाटे जो अंगावर पीत होता, त्याचं वय सांगायला पाटण-कराडकडे दाखला लागत नसे. पण अशा वयात सहा महिने इकडचे तिकडे सहज होतात, आणि बाळाच्या बाबतीत सहा महिने म्हणजे अर्धं जग.

एक वस्तू मात्र घरोघरी होती, ती म्हणजे पांगुळगाडा. तीन चाकं, वर धरायला आडवी दांडी, गावच्या सुतारानं केलेला. ह्या गाड्याचा माग काढत गेलो तर आपण फार मागे जातो. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा जुना ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती छापली गेली. त्यात ‘फक्क’ नावाचा रोग सांगितला आहे. वर्षाचं झालं तरी जे मूल पायांनी चालत नाही, ते फक्क. त्याचे प्रकार तीन : आईच्या दुधातल्या दोषानं झालेला, आई पुन्हा गरोदर राहिल्यामुळे झालेला आणि आजारानं झालेला. उपचारांत औषधी तूप आहे, तेलाचं मालीश आहे आणि चालायचा सराव करायला तीन चाकांचा रथ आहे. फक्करथ! आमच्या सुताराचा पांगुळगाडा त्या रथाचा थेट वंशज आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण दोघांमागचा विचार एकच आहे, मूल उशिरा चालतंय तर त्याला सराव द्या.

त्या दुसऱ्या प्रकारावर क्षणभर थांबू या. आई पुन्हा गरोदर राहिली, पहिल्याचं दूध तुटलं, पोर सुकलं आणि मागे पडलं. आजच्या भाषेत याला आपण कुपोषण म्हणू. ग्रंथकारानं दोष मुलाच्या नशिबात शोधला नाही, आईच्या पोटात आणि मुलाच्या ताटात शोधला, हे आम्हाला मोठं वाटतं.

पण वर्षाची मर्यादा फार कडक होती. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला आणि २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचा काळ त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. सरासरी बारा महिन्यांच्या जवळ. म्हणजे वाढदिवसाला न चालणारं मूल अगदी ठणठणीत असू शकतं. याच अभ्यासात चारेक टक्के मुलं रांगलीच नाहीत. ‘आमचा रांगला नाही, एकदम उभाच राहिला’ हे आजीचं वाक्य खोटं नसतं बरं का!

इथेच खरी अडचण आहे. ‘होईल हो, त्याचे वडीलही उशिराच बोलले’ हे वाक्य दहा घरांत खरं ठरतं. अकराव्या घरात मुलाला ऐकूच येत नसतं. किंवा जन्मतः थायरॉइड कमी असतं, आणि त्याची गोळी पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तर मेंदू वाचतो, नंतर झालेलं नुकसान पुरतं भरून निघत नाही. या दोन मुलांना वेगळं कसं ओळखायचं, हा गेल्या शंभर वर्षांतला प्रश्न आहे. त्याआधी वाट पाहणं, मालीश आणि नवस, एवढंच हातात होतं. नवस बोलणाऱ्याला हसू नये, कारण दवाखाना त्या काळी पंचवीस कोसांवर होता. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं ते १८९४ साली, आणि लांबलांबून माणसं बैलगाडीनं तिथे येत. आणखी एक लक्षात ठेवा, पोलिओ. न चालणाऱ्या कितीतरी मुलांचा ‘उशीर’ हा उशीर नव्हताच. ताप आला आणि पाय गेला, असं आया सांगत, आणि ते अचूक निदान होतं.

मागे राहणारं मूल खऱ्या अर्थानं दिसू लागलं ते शाळेमुळे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती ती पोरं बाकावर आली. शेतात गुरं राखताना ज्याचा मंदपणा कुणाला खुपला नव्हता, तो मुलगा बाराखडीपाशी अडला आणि ‘ढ’ ठरला. मराठीत एका अक्षराची शिवी आहे ती हीच. शाळेनं दार उघडलं आणि दाराशीच शिक्काही ठेवला, दोन्ही खरं.

तो शिक्का मोजमापाने बदलायचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. फ्रान्समध्ये बिने यांनी १९०५ साली शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी चाचणी तयार केली होती. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली आणि १९४० साली त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही दाखल्यांवर दिसतं. अगदी तान्ह्या मुलांसाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचे आकडे जमवले. त्यांच्या मापनात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ कसोट्या आहेत, अडीच वर्षांपर्यंतच्या. परदेशी बाळाच्या फूटपट्टीनं आपलं बाळ मोजू नये, एवढं साधं त्यामागचं कारण.

मोजलं, पुढे काय? इथे आम्हाला फलटणला जावं लागतं. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन क्वेकर तरुणी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. व्यवसायोपचार ही विद्या त्यांनी इथे रुजवली. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली, १९५२ साली देशपातळीवरची संघटना उभी केली. मूल बटण लावू शकत नाही, घास तोंडापर्यंत नेऊ शकत नाही, तर तेच काम छोट्या तुकड्यांत मोडून हाताला शिकवायचं. पांगुळगाड्याचाच विचार, पण शास्त्र होऊन आलेला.

त्यांच्या नावाची शाळा, कमला निंबकर बालभवन, फलटणमध्ये १९८६ साली सुरू झाली. ती चालवणारी प्रगत शिक्षण संस्था मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली काढली. बाई मूळच्या अमेरिकेच्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. चौथीत गेलेली मुलं वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मुलं ढ आहेत हे उत्तर त्यांना पटलं नाही. मोजकी अक्षरं आणि काना-वेलांटी यांचा एक लहान गट आधी घ्यायचा, त्यातूनच लगेच शब्द वाचायचे, मग पुढचा गट, अशी पद्धत त्यांनी बसवली. मागासपणाचं खापर मुलाच्या डोक्यावरून शिकवण्याच्या पद्धतीवर आलं. अर्थात प्रत्येक उशीर पद्धतीनं सुटत नाही. काही मुलांना वाचनाआधी कानाचं यंत्र लागतं, काहींना आयुष्यभर सोबत लागते. पण कुठलं मूल कुठल्या गटातलं, हे नीट शिकवल्याशिवाय कळतच नाही.

भाषेनं मात्र या सगळ्यात एक वाईट काम केलं आहे. ‘पांगुळगाडा’ हा शब्द आता आपण टोमणा म्हणून वापरतो. अनुदानाचा पांगुळगाडा, आरक्षणाचा पांगुळगाडा. जणू आधार घेणं हीच लाज. ज्याला चालायचं आहे त्याच्या हाती द्यायची ती वस्तू होती, हे आपण विसरलो.

सरकारी व्यवस्थेबद्दल थोडक्यात. १९७५ पासून अंगणवाडी आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्या जोडीला विकासातला विलंब हाही तपासणीचा स्वतंत्र विषय आहे, आणि अशा मुलांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळानं केव्हा काय करावं याची चित्रं छापलेली असतात. आमची शंका त्या कार्डाच्या वाटेबद्दल आहे. दिवाळीच्या सुमाराला सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांवर ऊसतोड मजूर येतात, बीडकडून येतात, आपल्याच जत-माणमधूनही निघतात. बाळ पाचटाच्या कोपीत वाढतं, फडाच्या बांधावर झोळीत झोपतं. पालथं पडणं, बसणं, पहिलं पाऊल, यांतलं काहीतरी त्याच पाच-सहा महिन्यांत यायचं असतं. कार्ड गावी फळीवर असतं, वजन करणारी ताई गावी असते, आणि जिला बदल सगळ्यांत आधी दिसतो ती आजीही बहुधा मागेच राहिलेली असते. हंगाम संपून टोळी परत जाते, तेव्हा त्या बाळाचं वय विचारलं तर आई सांगते : गाळप सुरू झालं तेव्हा हा तीन महिन्यांचा होता.