दान आणि पंच

विदर्भातल्या डोणगावात संध्याकाळी ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेल्या पोरांच्या तोंडी तीन शब्द सारखे असतात: एचपी, लेव्हल आणि एक्सपी. ‘काऊन रे, मेला का?’ असं कुणी विचारलं की ‘नाही, एचपी हाय अजून’ एवढं उत्तर पुरतं. हे शब्द मोबाइलमध्ये जन्मले नाहीत. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन माणसं समोरासमोर बसून एक खेळ खेळत, तिथून ते मोबाइलमध्ये आले. त्या खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, आणि त्या खेळानंही त्यांतलं काही जुन्या खेळांकडून उचललेलं होतं.

खेळाची रीत थोडक्यात अशी. चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण सोंग घेत नाही. तो भोवतालचं सगळं जग सांभाळतो. तो सांगतो, ‘समोर पडका वाडा आहे, दार आतून बंद आहे.’ बाकीचे आपापलं सोंग काय करतं ते सांगतात. होईल की नाही अशी शंका असेल तिथं फासा पडतो. पट लागतोच असं नाही, आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एवढं समजायला पाच मिनिटं पुरतात. नवा माणूस अडतो तो नियमांच्या जाड पुस्तकाशी, कारण तिथं हिट पॉइंट, आर्मर क्लास, सेव्हिंग थ्रो, लेव्हल हे सगळं एकदम अंगावर येतं. माझं म्हणणं असं आहे की यातला प्रत्येक शब्द कधीतरी कुणाला तरी आलेल्या अडचणीवरचा तोडगा आहे. ती अडचण कळली की नियम पाठ करावा लागत नाही.

पहिली अडचण सर्वांत जुनी: माणसाच्या हातात नसलेली गोष्ट ठरवायची कशी? याचं उत्तर आपल्याकडच्या पोरीबाळींनाही येतं. जमिनीवर पाच बाय पाच घरं आखायची, मध्यभागी आणि चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या मारायच्या, चिंचोके फोडून चार फाका घ्यायच्या की अष्टचंग सुरू. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. फाक दोन्ही अंगांवर सारखीच पडते असं धरलं, तर चार फाका सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोनचं दान येतं, चार तऱ्हांत एकचं, चार तऱ्हांत तीनचं. चार आणि आठ मात्र एकेकाच तऱ्हेत. मधलं दान सारखं पडतं, टोकाचं क्वचित, आणि जे क्वचित पडतं त्याला जास्तीचं फळ. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या नियमांत सोंगाचं बळ, बुद्धी, चपळाई ठरवायला तीन सहाकोनी फासे टाकून बेरीज करत, तेव्हा हेच घडे. त्या फाशांच्या 216 तऱ्हांपैकी एकाच तऱ्हेत 18 येतात. दहा-अकरा मात्र पुन्हा पुन्हा. बहुतेक माणसं मध्यम आणि विरळा कुणी असामान्य, हे फाशांच्या बेरजेतूनच आपोआप जमतं.

दानाचं हे गणित विदर्भाला परकं नाही. महाभारताच्या वनपर्वातली नल-दमयंतीची कथा या अंगानं वाचून बघावी. दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाचं सोंग घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करतो. विदर्भाकडे रथ धावत असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं, आणि ऋतुपर्ण नुसतं बघून सांगतो की याच्या दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत. नल रथ थांबवून फळं मोजतो. हिशेब बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, देतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या मागून घेतो. झाड बेहड्याचंच का, याला कारण आहे. वेदकाळी द्यूत खेळत ते बेहड्याच्या फळांनी; ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात तीच फळं आहेत. मूठभर फळं उचलायची आणि चार-चारांनी मोजायची. बाकी शून्य राहिली तर कृत, तीन राहिली तर त्रेता, दोन तर द्वापर, एक तर कली. युगांना दिलेली नावं द्यूतातल्या दानांचीही होती. मोठ्या राशीचा अंदाज नुसतं बघून बांधणं आणि दान कसं पडेल हे जाणणं, या दोन विद्या एकाच माणसाजवळ असतात असं ही कथा मानते. मला तिचं मोल त्यात वाटतं.

वेरुळला 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत. आणि डोणगाव ज्या मेहकर तालुक्यात आहे, त्या मेहकरात तेराव्या शतकात चक्रधरस्वामी राहून गेले. लीळाचरित्र सांगतं की पूर्वी हरिपाळदेव म्हणून असताना ते द्यूतात हरले, पैसे चुकवायला पत्नीकडे दागिने मागितले, तिनं दिले नाहीत आणि ते घर सोडून रामयात्रेला निघाले. पराक्रम वेगळा आणि दान वेगळं, हे त्या काळच्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

अष्टचंग किंवा सारीपाटातून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा नवा खेळ सरळ निघाला असं मात्र म्हणता येणार नाही. फासे जगात अनेक ठिकाणी होते. भारतातून त्या खेळापर्यंत पोचलेली सरळ वाट बुद्धिबळाची आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगं पटावर मांडणाऱ्या चतुरंगाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो. तो खेळ इराण आणि अरब देशांमार्गे युरोपात गेला. 1780 मध्ये ब्राउनश्वाइग इथल्या हेल्विग नावाच्या गणिताच्या शिक्षकानं पट खूप मोठा केला, घरांना रंग दिले आणि डोंगर, नदी, दलदल अशी जमीन त्यावर आणली. मोहरा आता जमीन बघून चालू लागला.

यापुढचं पाऊल प्रशियात पडलं. बुद्धिबळात मोहरा घेतला की घेतला. खऱ्या लढाईत पलटण एका झटक्यात नाहीशी होत नाही आणि मजबूत बाजूही कधी हरते. राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी यावर काम केलं. बापानं 1812 मध्ये राजासाठी खेळाचं मेज बनवलं. सैन्यात अधिकारी असलेल्या मुलानं 1824 मध्ये नियम छापले. त्याला ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, म्हणत. त्यात नकाशा होता, हानीचा फैसला फाशावर होता आणि पलटणीची ताकद आकड्यानं घटत जाई. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यात पंच होता. खेळाडू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत. त्यांच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच त्यांना सांगे. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी तो खेळ पाहिला आणि सैन्याच्या शिक्षणासाठी उचलून धरला. या सगळ्या कुळकथेत मला पंच हा सर्वांत मोठा शोध वाटतो. पटावर नसलेलं जग एका माणसाच्या डोक्यात राहू शकतं, आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारत त्यात वावरू शकतात, हे इथं प्रथम जमलं. 1876 मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्यानं याच्याही पुढे जाऊन म्हटलं की अनुभवी पंच असेल तर तक्ते आणि फासे जवळजवळ सोडून द्यावेत. नियम मोठा की पंच, हा वाद आजही प्रत्येक टेबलावर होतो.

अमेरिकेत 1880 मध्ये टॉटन नावाच्या अधिकाऱ्यानं युद्धखेळाचं एक पुस्तक लिहिलं. खेळाडू काहीही करू पाहू शकतो, त्याचं काय होईल ते पंच ठरवील, असं त्यात होतं. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. त्यानं 1969 मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. सेनापतींबरोबर गावचा महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशीही सोंगं त्यानं वाटली. मग लढाई बाजूलाच राहिली. जो तो दुसऱ्याला कोपऱ्यात गाठून खलबतं करू लागला. एक खेळाडू म्हणजे एक सेना, ही जुनी रीत मोडली आणि एक खेळाडू म्हणजे एक माणूस, ही नवी रीत सुरू झाली.

त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसननं 1971 पासून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या मुलखात आपल्या मित्रांना तळघरं, भुयारं धुंडाळायला लावलं. त्यासाठी त्यानं आधी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे नियम वापरून पाहिले. त्यात शिपायाला एक घाव बसला की तो मेला. शिपायाचं ठीक होतं. पण आठवडेच्या आठवडे एकच सोंग जपणाऱ्याला ते असं एका फाशात गेलेलं सोसवेना. आर्नेसननं सांगितलं आहे की लोखंडी युद्धनौकांच्या खेळासाठी केलेल्या नियमांतून त्यानं दोन कल्पना इकडे आणल्या. जहाज किती मारा झेलल्यावर बुडेल तो आकडा म्हणजे हिट पॉइंट, पोरांचा एचपी. जहाजाचं चिलखत किती जाड, त्याची प्रत म्हणजे आर्मर क्लास. नवख्याला नेहमी पडणारा प्रश्न इथं सुटतो. जुन्या नियमांत बिनचिलखताच्या माणसाचा आर्मर क्लास 9 आणि पूर्ण चिलखत-ढालवाल्याचा 2 का? कारण ती प्रत होती. पहिली प्रत नवव्या प्रतीपेक्षा चांगली. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटवला आणि मोठा आकडा चांगला ठरला. एचपी शून्यावर येईपर्यंत माणूस पूर्ण ताकदीनं लढतो, हे खऱ्या जखमेसारखं नाही. जखमेचं चित्र उभं करायला तो आकडा आलाच नव्हता. सोंग टिकावं म्हणून आला.

गायगॅक्सनं आर्नेसनचा खेळ पाहिला आणि दोघांनी मिळून केलेले नियम जानेवारी 1974 मध्ये निघाले: एका डब्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती, किंमत दहा डॉलर. सेव्हिंग थ्रो त्यात चिमुकल्या सैनिकांच्या खेळातून आला. घाव किंवा मंत्र लागू पडल्यावरही वाचायची एक शेवटची संधी. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण सुरुवातीला मुख्यतः खजिन्याबद्दल मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक. त्यामुळे शहाणा खेळाडू राक्षसाशी लढण्याऐवजी तो झोपल्यावर सोनं घेऊन पळे. हा नियम पुढे मागे पडला याचं मला वाईट वाटतं. मोबाइलच्या खेळात मारण्याचेच गुण तेवढे उरले. लेव्हल या शब्दाचा घोटाळा मात्र खरा आहे. सोंगाची लेव्हल, मंत्राची लेव्हल आणि भुयाराचा मजला, सगळ्यांना तोच शब्द. गायगॅक्सनं स्वतःच 1978 च्या पुस्तकात लिहिलं की वेगवेगळे शब्द ठेवायचा विचार केला होता, पण रूढ झालेला शब्द तसाच ठेवला. ज्याला हा शब्द गोंधळात टाकतो त्यानं स्वतःला मंद समजू नये.

वीसकोनी फाशाची गोष्ट शाळेतली आहे. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे सुसम घन भूमितीच्या शिक्षणासाठी विकले जात, आणि पहिले फासे कॅलिफोर्नियाच्या एका शैक्षणिक साहित्याच्या कंपनीकडून मागवले गेले. 2000 सालापासून जवळपास सगळा खेळ त्याच एका फाशावर आला: वीसकोनी फासा टाका, सोंगाच्या गुणांचा आकडा मिळवा, ठरलेल्या आकड्याला पोचलात तर जमलं. वीसच पडले तर वार जबरदस्त, आणि त्याची शक्यता विसात एक.

जानेवारी 2023 मध्ये खेळाच्या मालक कंपनीनं पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय नोंदवलं तर कुणीही ते कोणत्याही भाषेत मांडू शकतं, बदलू शकतं, छापूही शकतं. मराठीत मुलांसाठी असं पुस्तक व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच्या पहिल्या प्रकरणात वीसकोनी फासा असायची गरज नाही. चार चिंचोक्यांच्या फाका पुरतील. चारही पालथ्या पडून अष्ट यायची शक्यता सोळात एक आहे, आणि त्या दानाला मान कसा द्यायचा हे डोणगावच्या मुलांना आधीपासून येतं. त्यांना शिकवायचा राहिला तो फक्त पंच.