नेटवर्कमधील वाहतुकीची ओळखपरेड

बँकेच्या तालुक्यातील शाखेला मुख्यालयाशी जोडणारी वाहिनी बहुधा एकच असते. पण त्या एकाच वाहिनीवरून ग्राहकांच्या खात्यांचे व्यवहार, अधिकाऱ्यांचे दूरध्वनी संभाषण, व्हिडिओ बैठक, आदल्या रात्री राहून गेलेला बॅकअप आणि कोणी तरी उतरवून घेत असलेला चित्रपट, असे सारे एकाच वेळी धावत असते. प्रत्येकाची निकड मात्र निराळी. आवाज बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. विलंब त्यापलीकडे वाढत गेला की संभाषण अडखळू लागते. बॅकअपला दहा मिनिटे उशीर झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. तेव्हा कोणाला आधी वाट द्यायची, हे ठरविण्यापूर्वी समोरून जाणारी माहिती कोणत्या अॅप्लिकेशनची आहे, हे ओळखावे लागते. या कामास वाहतुकीचे वर्गीकरण असे म्हणतात. वरकरणी सोपे भासणारे हे काम गेल्या पाव शतकात उत्तरोत्तर अवघड होत गेले आहे.

पोर्ट क्रमांकाचे दिवस

इंटरनेटच्या आरंभीच्या काळात ओळख पटविण्यासाठी पोर्ट क्रमांक पुरेसा होता. शून्यापासून ६५,५३५ पर्यंतच्या या क्रमांकांपैकी २५ हा ई-मेलसाठी, ५३ हा संकेतस्थळांची नावे शोधण्यासाठी, ८० हा वेबसाठी आणि ४४३ हा सुरक्षित वेबसाठी, अशी वाटणी ठरलेली होती. ही सारी व्यवस्था विश्वासावर उभी होती. ठरलेल्या क्रमांकावरूनच जाण्याची सक्ती कोणावरही नव्हती. १९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि त्यामागोमाग फाइलींची परस्पर देवाणघेवाण करणारी इतर सॉफ्टवेअर आली. त्यांपैकी अनेकांनी मिळेल त्या पोर्टचा आधार घेण्यास सुरुवात केली. २००३ मध्ये आलेले स्काइप तर दुसरी वाट बंद असल्यास ८० आणि ४४३ या क्रमांकांवरूनही मार्ग काढत असे. पुढे पगारपत्रकापासून चित्रपटापर्यंत सर्वच सेवा वेबवर आल्या आणि ४४३ हा क्रमांक सर्वांचाच झाला. जो क्रमांक सर्वांचा, त्याने ओळख कोणाचीच पटत नाही.

यावर उपाय म्हणून राऊटरने पॅकेटच्या आत डोकावण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक अॅप्लिकेशनच्या संभाषणाची काही ठरावीक धाटणी असते. त्या खुणांचा संग्रह राऊटरमध्ये ठेवायचा आणि जाणाऱ्या माहितीशी तो ताडून पाहायचा, हे तिचे सूत्र. सिस्को कंपनीचे ‘एनबार’ हे तंत्र याच जातीचे. त्याची पुढील आवृत्ती हजाराहून अधिक अॅप्लिकेशन ओळखू लागली.

बंद पाकिटे

मात्र ही वाटही लवकरच अरुंद झाली. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या व्यापक पाळतीची माहिती एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केली. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मे २०१४ मध्ये अशी सार्वत्रिक पाळत हा हल्लाच मानला जावा, अशी भूमिका घेतली. कूटबद्ध संदेशवहनाला त्यामुळे वेग आला. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ या नियमावलीने सर्व्हरचे प्रमाणपत्रही झाकले. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत तर जोडणीचा बहुतेक तपशील कूटबद्ध असतो. संभाषणाच्या प्रारंभी सर्व्हरचे नाव तेवढे बहुधा उघडे राहते. तेही झाकण्याची योजना आता पुढे आली आहे.

पाकीट बंद असले तरी त्याचे वजन आणि येण्याजाण्याची लय लपत नाही. अँड्र्यू मूर आणि डेनिस झुएव्ह यांनी २००५ मध्ये बेझच्या संभाव्यता-सिद्धान्ताच्या आधारे वाहतुकीचे वर्गीकरण करून दाखविले. पॅकेटांचे आकारमान व त्यांमधील अंतर यांसारखी लक्षणे त्यासाठी वापरली गेली. त्याच वर्षी मांडल्या गेलेल्या ‘ब्लिंक’ या पद्धतीने पॅकेटच्या आत न पाहता एखादा संगणक कोणाकोणाशी आणि कसा संपर्क साधतो, यावरून अनुमान बांधले. येथे खात्रीची जागा संभाव्यतेने घेतली. एकट्या राऊटरला दिसणारा पुरावा अशा अनुमानाला अनेकदा अपुरा पडतो.

केंद्रीय ओळखीची गरज

राऊटरच्या या एकाकीपणातून दोन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण मार्गांची. मोठ्या नेटवर्कमध्ये जाणारी माहिती एका राऊटरमधून आणि येणारी दुसऱ्यातून जाऊ शकते. अशा वेळी दोघांनाही अर्धेच संभाषण ऐकू येते. दुसरी अडचण पहिल्या पॅकेटची. टीसीपी जोडणीचे पहिले पॅकेट साधारणतः रिकामे असते. सर्व्हरचे नाव त्यानंतरच्या पॅकेटांत येते. परंतु ही जोडणी शाखेतून थेट इंटरनेटकडे पाठवावी की मुख्यालयामार्गे, हा निर्णय पहिल्याच पॅकेटला घ्यावा लागतो. बाहेर पडताना पत्ता बदलला जात असल्याने मध्येच वाट बदलली तर जोडणी तुटते.

केंद्रीय पद्धतीत प्रत्येक राऊटर आपले निष्कर्ष एका मध्यवर्ती सेवेकडे धाडतो. ती सेवा अर्धी अर्धी संभाषणे जुळविते, अमुक पत्ता व पोर्ट अमुक अॅप्लिकेशनचा, अशी सूची तयार करते आणि ती सर्व राऊटरांना परत देते. एका शाखेत पटलेली ओळख त्यामुळे दुसऱ्या शाखेत पहिल्या पॅकेटलाच उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या आपल्या सेवांच्या पत्त्यांची यादी स्वतःच प्रसिद्ध करतात, तिचाही यात समावेश करता येतो. सिस्कोची एसडी-एव्हीसी ही सेवा याच तत्त्वावर चालते. ओळख पटल्यावर पॅकेटच्या शीर्षभागातील सहा बिटांत तिची खूण उमटविली जाते. १९९८ मध्ये ठरलेल्या या रचनेत ६४ खुणा शक्य आहेत आणि आवाजासाठी ४६ हा अंक वापरण्याचा प्रघात आहे. पुढील राऊटरांना ती खूण वाचली की पुरते.

चूक आणि अधिकार

केंद्रीकरणाबरोबर चुकीचेही केंद्रीकरण होते. आज एकाच पत्त्यामागे अनेक संकेतस्थळे नांदतात आणि पत्ते वरचेवर हात बदलतात. कालची खरी नोंद आज खोटी ठरू शकते. एकट्या राऊटरची चूक एका शाखेला भोवते. केंद्राची चूक एकाच वेळी सर्व शाखांना भोवते. म्हणून सूचीतील प्रत्येक नोंदीला मुदत असावी लागते. नवे नियम आधी मोजक्या ठिकाणी पडताळावे लागतात आणि केंद्राशी संपर्क तुटल्यास राऊटरला स्वतःच्या ज्ञानावर काम चालविता यावे लागते. ‘अज्ञात’ म्हणून उरलेली वाहतूक सरसकट रोखणेही धोक्याचे. तिच्यात एखादी नवी पण निकडीची सेवा असू शकते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. अमेरिकेतील कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी ग्राहकांच्या बिटटोरंट वाहतुकीत अडथळे आणीत असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले आणि त्यावर मोठे वादंग माजले. भारतात ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट समानतेच्या तत्त्वांना मान्यता दिली. स्वतःच्या कामासाठी उभारलेल्या नेटवर्कवर अग्रक्रम ठरविण्याचा हक्क संस्थेला आहे. सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्या कंपनीला तीच मोकळीक देता येत नाही. तथापि संस्थेच्या आतही कोणता कर्मचारी कोणती सेवा किती वेळ वापरतो, याची नोंद ही ओळख पटविताना आपोआप तयार होते. ती किती दिवस ठेवायची आणि कोणी पाहायची, हे यंत्रणा बसविण्यापूर्वीच लेखी ठरविणे श्रेयस्कर. दूरध्वनीला वाट मोकळी करून देण्यासाठी उभारलेली व्यवस्था नकळत पाळतीची व्यवस्था होऊ नये, ही जबाबदारी यंत्राची नव्हे, ते चालविणाऱ्यांची आहे.