वीस दातांचा हिशेब

१९५० च्या सुमाराचा अर्धा टनी शेव्हरलेट पिकअप अमेरिकेतल्या आजच्या हायवेवर आणला, की त्याचं इंजिन उगाच ओरडत राहतं. कारखान्यातून येताना मागच्या धुऱ्यात ४.११ चं क्राउन-पिनियन असायचं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ४.११ वेळा फिरायचा. त्या काळी हा ट्रक ओझं ओढायला घेत, पळवायला नव्हे. म्हणून हौशी मालक ३.५५ चं बसवतात. गाडी निवांत पळू लागते आणि स्पीडोमीटरचा काटा खोटं बोलू लागतो. वेग ताशी ६० मैल असला, तरी मीटरवर जेमतेम ५२.

यात बिचाऱ्या मीटरचा दोष नाही. १९०२ साली ऑटो शुल्झेने पेटंट घेतलेल्या रचनेत गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, त्याच्या ओढीने काट्याला जोडलेली अॅल्युमिनियमची वाटी वळू पाहते आणि स्प्रिंग तिला अडवते. वाटीला चाक दिसत नाही, दिसते ती केबल. अमेरिकेत रूढ झालेला हिशेब असा, की केबलच्या हजार फेऱ्या म्हणजे एक मैल. ब्रिटनच्या स्मिथ्स कंपनीच्या तबकड्यांवर तर मैलामागच्या फेऱ्यांचा आकडा बारीक अक्षरात छापलेलाच असे, आणि तो गाडीगणिक बदले.

हजाराचा मेळ घालायचं काम गिअरबॉक्सच्या शेपटीतल्या दोन गिअरांचं. अठ्ठावीस इंची टायर मैलाला साधारण ७२० फेऱ्या घेतो. ४.११ ने गुणलं, की शाफ्टच्या सुमारे २,९६० फेऱ्या. शाफ्टवरच्या गिअरला ८ दाते असतील, तर केबलच्या गिअरला २४ हवेत. ३.५५ वर मात्र २० पुरतात. उत्तर खरं तर साडेवीसच्या आसपास येतं, पण अर्धा दात कोण पाडणार?

पुढच्या काळातले हे गिअर प्लास्टिकचे, रंगीबेरंगी. दाते मोजत बसायला नको, रंगावरून ओळखायचं. एक बोल्ट, एक क्लिप, थोडं तेल हातावर, की गिअर बाहेर. खरी फजिती पुढे होते. दाते बदलले की व्यास बदलतो, म्हणून काही गिअरबॉक्समध्ये गिअर धरणाऱ्या नळीचं भोकच मुद्दाम मध्यापासून सरकवलेलं असतं. चुकीची नळी घातली, तर दाते एकमेकांना भिडत नाहीत किंवा एकमेकांना खातात.

जोडी जमली की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. काटा ६० वर धरायचा आणि हायवेवरच्या दोन मैलखुणांमधला वेळ घड्याळावर मोजायचा. जवळपास ६० सेकंद हवेत. जुनाच गिअर राहिला असेल, तर ५२ सेकंदांतच दुसरी खूण मागे पडते.