धूमकेतू पाहायचा तर काळोख हवा

धूमकेतू अर्थात शेंडेनक्षत्र पाहण्यासाठी महागड्या दुर्बिणीपेक्षा काळोखे आकाश मोलाचे ठरते. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो. धूमकेतूची शेपटी विस्तीर्ण व विरळ असल्याने उजेडात प्रथम तीच लोपते.

ऑक्टोबर २०२४ मधील त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतूने याचा प्रत्यय दिला. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. त्यानंतर सायंकाळी तो पश्चिमेस दिसू लागला. मात्र १६ तारखेच्या कोजागरीच्या चांदण्यात शेपटी फिकी पडली. पुढे चंद्रोदय लांबला, तोवर धूमकेतूही मंदावत गेला.

निरीक्षणाची जागा निवडतानाही हेच ध्यानात ठेवावे. हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यासारख्या महामार्गांच्या संगमावर वाहनांचे झोत अडथळा ठरतात. तेथून आत शिवारात, पश्चिम क्षितिज मोकळे असेल अशा ठिकाणी जावे. डोळे काळोखाला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. विजेरीवर लाल कागद लावावा. ७×५० ची द्विनेत्री दुर्बीण पुरेशी असते.

छायाचित्रासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून तेजस्वी ताऱ्यावर हाताने फोकस साधावा. २४ मिलिमीटरच्या भिंगाने १० ते १५ सेकंदांचे उद्भासन द्यावे. वेळ फार वाढविल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. टायमर वापरल्यास कॅमेरा हलत नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. हॅलेचा धूमकेतू २०६१ मध्ये परतेल. तो पाहण्याजोगा काळोख इतर गावशिवारांतही राखावा लागेल.